मुठीतला खडा

सहलीत वाघाच्या कुंपणापाशी आमच्या कळवणच्या एका पोराच्या मुठीत खडा दिसला आणि मला दिल्ली आठवली. तिथल्या प्राणिसंग्रहालयात २३ सप्टेंबर २०१४ रोजी एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला. ‘विजय’ काही मिनिटे नुसता पाहत होता. वरून दगड आले. मग त्याने मान धरली. तरुण गेला.

दोष कुणाचा? १८६० च्या दंडसंहितेचे २८९ वे कलम जनावर बाळगणाऱ्याच्या हलगर्जीपणाचा जाब मागे; २०२३ च्या न्यायसंहितेत तेच २९१ वे झाले. कठडा ठेंगणा, रखवाली ढिली, तर तो जाब रास्तच. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला डिवचणे हा पाहणाऱ्याचाही गुन्हा, हे वन्यजीव कायद्यात यायला मात्र १९९१ साल उजाडले. दगड मारणाऱ्यांना बिचाऱ्यांना वाघ हुसकायचा होता, हेही खरे!

पोराची मूठ मी उघडली. खडा बोराएवढा होता.