व्यवसायोपचार : आरोग्य कर्मचाऱ्यांची जाण (नांदेड–लातूर)

आजार, अपघात किंवा जन्मजात दिव्यांगत्वामुळे अडलेली रोजची कामे (जेवण, अंघोळ, शाळा, स्वयंपाक, शेतकाम) रुग्णाला शक्य तितकी स्वतः करता यावीत, यासाठीची उपचारशाखा म्हणजे व्यवसायोपचार. डॉक्टर किंवा परिचारिकेने सुचवल्याशिवाय बहुतेक कुटुंबांना ती कळतही नाही. म्हणून डॉक्टर-परिचारिकांना या शाखेची जाण असणे अतिशय महत्त्वाचे.

भारतात या विषयाचे पहिले विद्यालय जन्माने अमेरिकन असलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केले. व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना 1952 मध्ये स्थापन झाली. पुढे 1958 मध्ये नागपूरलाही शिक्षणाची सोय झाली. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने व्यवसायोपचार व भौतिकोपचार (फिजिओथेरपी) यांची संयुक्त परिषद आली.

रोजगाराचे प्रशिक्षण किंवा फिजिओथेरपीचीच उपशाखा, हे या शाखेबद्दलचे नेहमीचे गैरसमज. व्यवसायोपचार आणि फिजिओथेरपी यांचे काही काम सामाईक आहे, पण भर निराळा. लकवा झालेल्या बाईच्या हातात ताकद आणि हालचाल परत आणण्यावर फिजिओथेरपीचा मुख्य भर असतो. त्या हाताने भाकरी कशी थापायची, एका हाताने साडी कशी नेसायची, संडासात आधाराची दांडी कुठे बसवायची, हे व्यवसायोपचारतज्ज्ञ पाहतो.

नांदेडला 1988 मध्ये आणि लातूरला 2002 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. व्यवसायोपचाराची जुनी विद्यालये मात्र मुंबई-नागपुरातली. ज्याने वॉर्डात व्यवसायोपचारतज्ज्ञाला काम करताना कधी पाहिले नाही, त्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिताना ही शाखा आठवणे अवघडच. गरज मात्र या भागात मोठी आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाने हजारोंना जखमी केले. मळणीयंत्रात सापडलेले हात, कुष्ठरोगाने बधिर झालेली बोटे, सेरेब्रल पाल्सीची मुले, या सर्वांना हा उपचार लागतो. लातूरजवळ हरंगुळ येथील ‘संवेदना’ केंद्र सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी काम करते.

या शाखेची जाण एखाद्या व्याख्यानाने येत नाही. इंटर्न, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांनी व्यवसायोपचारतज्ज्ञासोबत प्रत्यक्ष रुग्ण पाहिले पाहिजेत. रुग्णाला सुटी देताना ‘घरी गेल्यावर कोणते काम अडेल?’ हे विचारणे नियमाचे झाले, तर योग्य रुग्ण वेळेवर या उपचारापर्यंत पोहोचेल.