गुरूच्या वातावरणातील प्रवाह आणि हौशी वेधकर्ते

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या वेधशाळांचे लक्ष ताऱ्यांचा वर्णपट व छायाचित्रण यांकडे वळले आणि ग्रहबिंबांचे नित्य निरीक्षण बव्हंशी हौशी अभ्यासकांकडे आले. त्यांच्या नोंदींना शास्त्रीय पुराव्याची योग्यता कितपत द्यावी, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे. मंगळावरील तथाकथित कालव्यांच्या वादाने रेखाटनांवरील विश्वास डळमळीत केला. गुरूच्या बाबतीत मात्र या प्रश्नाचे उत्तर निराळे मिळते; कारण तेथे पुराव्याचा भार चित्रापेक्षा घड्याळावर अधिक होता.

गुरूचे परिवलन दहा तासांच्या आत पूर्ण होते. म्हणजे मिनिटाला त्याचे बिंब सुमारे ०.६ अंश फिरते. एखादा डाग बिंबाच्या मध्यरेषेवर आल्याची वेळ मिनिटापर्यंत नोंदली, की त्याचा रेखांश अंशभराच्या मर्यादेत निश्चित होतो. एखाद्या वेधात दोन मिनिटांची चूक झाली तरी, तोच डाग महिनाभर पाहिला असता त्याच्या सरासरी गतीत ती नगण्य ठरते. विषुववृत्तीय भागाचा परिवलनकाल ९ तास ५० मिनिटे ३० सेकंद, तर त्याच्या उत्तर-दक्षिणेकडील भागांचा सुमारे ९ तास ५५ मिनिटे ४१ सेकंद धरला जातो. हा पाच मिनिटांचा भेद अल्प भासला, तरी त्यामुळे विषुववृत्तावरील ढग इतरांना सुमारे ४७ दिवसांत एक संपूर्ण फेरा घालून मागे टाकतात. असा भेद मोजण्यास प्रचंड दुर्बिणीपेक्षा दीर्घ चिकाटीच अधिक उपयोगी पडे.

ब्रायटनकडील आर्थर स्टॅन्ले विल्यम्स हे व्यवसायाने वकील होते. साडेसहा इंची परावर्ती दुर्बिणीवर काम करणाऱ्या या गृहस्थांनी १८९६ मध्ये उपलब्ध वेधांची छाननी करून, गुरूवर निरनिराळ्या अक्षांशांत भिन्न गतीचे नऊ प्रवाह वाहतात, असे दाखवून दिले. १८९० मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या गुरुविभागाने अशा विखुरलेल्या नोंदींना एक शिस्त लावली. धर्मोपदेशक टी. ई. आर. फिलिप्स यांनी या विभागाची धुरा १९३३ पर्यंत, सुमारे तीन दशके वाहिली.

या शिस्तीचा कस १९०१ मध्ये लागला. त्या सुमारास गुरू खगोलीय विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस असल्याने दक्षिण इंग्लंडमधूनही तो क्षितिजावर जेमतेम सोळा अंश चढे. श्रीलंकेत त्रिंकोमाली येथे मात्र तो साठ अंशांच्या आसपास पोहोचे. तेथे नेमणुकीस असलेले लष्करी अभियंते पर्सी मोल्सवर्थ यांना २८ फेब्रुवारी १९०१ रोजी गुरूच्या दक्षिण उष्णकटिबंधात एक काळसर क्षोभ आढळला. तो पुढे पसरत गेला आणि १९३९-४० पर्यंत टिकला. मोल्सवर्थ १९०८ मध्येच निवर्तले. तरीही पुढील वेधकर्त्यांनी त्याचा मागोवा सोडला नाही. हा क्षोभ तांबड्या डागाच्याच अक्षांशांत, परंतु त्याहून जलद सरकत असे. त्यामुळे त्याने डागास वारंवार गाठून ओलांडले आणि अशा गाठीच्या वेळी डागाच्या गतीतही फरक पडे. डाग रेखांशात असा मागेपुढे सरकतो, यावरून तो खालच्या एखाद्या घन पृष्ठभागाशी जखडलेला नाही, हे स्पष्ट झाले.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. जेथे स्पष्ट डाग नाही तेथील प्रवाह मोजता येत नसे. अरुंद प्रवाहांचे पूर्ण स्वरूप १९७९ मध्ये व्हॉयेजर यानांच्या छायाचित्रांतूनच उलगडले. तथापि यानांनी पाहिला तो काही महिन्यांचा गुरू. १९०१ ते १९४० चा गुरू आता कोणत्याही साधनाने पुन्हा पाहता येणार नाही. बी. एम. पीक यांच्या १९५८ मधील ‘द प्लॅनेट ज्युपिटर’ या ग्रंथास विशेष मोल आहे, ते तो या वेधपरंपरेचे संकलन करतो म्हणूनच. हौशी हा शब्द येथे वृत्तीपुरताच सार्थ ठरतो. या नोंदींचे प्रामाण्य वेधकर्त्याच्या पदावर अवलंबून नव्हते. वेळ नेमकी नोंदलेली असणे, ती इतरांना पडताळून पाहता येणे आणि साखळी अखंड राहणे, या तीन गोष्टींवर ते उभे होते.