सुहैली (नौका)
सुहैली ही मुंबईत सागवानी लाकडात बांधलेली, दोन डोलकाठ्यांची, 32 फुटी शिडाची नौका आहे. एकट्या माणसाने कोठेही न थांबता केलेली जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा याच नौकेतून पूर्ण झाली. पर्शियन आखातातील आग्नेय वाऱ्याच्या अरबी नावावरून तिचे नाव ठेवले गेले.

बांधणी

ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ही नौका स्वतःसाठी बांधून घेतली. विल्यम अ‍ॅटकिन यांच्या ‘एरिक’ या जुन्या आराखड्यावर ती आधारलेली असून त्याचे मूळ नॉर्वेच्या जीवरक्षक नौकांत आहे. कुलाब्यात 1963 मध्ये काम सुरू झाले व डिसेंबर 1964 मध्ये नौका पाण्यात उतरली. भारतीय सुतारांनी वाकस, करवत, सामता अशा हातच्या अवजारांनीच ती घडवली. मात्र तिच्या कीर्तीत या कारागिरांचा उल्लेख ओझरताच येतो.

प्रदक्षिणा

14 जून 1968 रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले. केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेस तळाच्या फळ्यांतून पाणी शिरू लागले, तेव्हा त्यांनी समुद्रात बुडी मारून फटीत कापूस ठासला आणि वर कॅनव्हास व तांब्याची पट्टी ठोकली. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ते परतले. गोल्डन ग्लोब शर्यतीतील नऊ स्पर्धकांपैकी ते एकटेच शेवटपर्यंत पोहोचले.

प्रतिकृती

2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही सुहैलीची प्रतिकृती गोव्यात बांधण्यात आली. हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या. जखमी टॉमी यांना वाचवण्यात यश आले.