पायाखालचं गाव

घराचं काम काढलं की आपला गवंडी एक प्रश्न हमखास विचारतो. "साहेब, अंगणात शहाबादी घालायची की कोटा? आणि ओट्याला कडप्पाच ना?" आपणही जाणकारासारखी मान डोलावतो. पण या दोन वाक्यांत तीन राज्यांतली तीन गावं येऊन गेली, हे आपल्या ध्यानातही येत नाही. शहाबाद कर्नाटकात, कोटा राजस्थानात आणि कडप्पा आंध्र प्रदेशात. गावं मागे राहिली आणि त्यांची नावं आपल्या घरात फरशी होऊन बसली.

मुळात 'फरशी' हा शब्दसुद्धा प्रवासीच आहे. अरबी-फारसीतला 'फर्श' म्हणजे अंथरलेलं, पसरलेलं. गालिचे, सतरंज्या अंथरणारा तो फर्राश, आणि तंबू-जाजमं ठेवण्याची जागा तो फरासखाना. पुण्यातल्या फरासखाना पोलिस चौकीच्या नावात हाच शब्द आहे. मऊ बिछायतीचा हा शब्द पुढे कठीण दगडाला चिकटला. कुऱ्हाडीची 'फरशी' मात्र वेगळी. ती संस्कृत 'परशु'वरून आली आहे.

आता शहाबादीकडे वळू. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा दगड. त्यातून किल्ले उभे राहिले, लेणी कोरली गेली, घाट बांधले गेले. पण त्याच्या पातळ लाद्या सहज निघत नाहीत. त्याला टाकी लावून घडवावं लागतं, आणि ते सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नसे. ही लाव्ह्याची चादर जिथे संपते, तिथे भीमेच्या खोऱ्यात, तिच्याहून कितीतरी जुना चुनखडक उघडा पडतो. पाण्याच्या तळाशी थरावर थर साचून तो तयार झाला. त्यामुळे त्याच्या थरांत छिन्नी घातली की वहीची पानं सुटावीत तशा त्याच्या लाद्या सुटतात. अर्धी फरशी निसर्गानेच करून ठेवलेली असते.

दगड चांगला खरा, पण भलताच जड. बैलगाडीतून तो फार लांब न्यायचा म्हणजे दगडापेक्षा भाडंच जास्त व्हायचं. हे गणित बदललं आगगाडीनं. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला आली. तोच मार्ग पुढे शहाबाद, वाडी करत १८७१ मध्ये रायचूरला पोचला. खाणीजवळच स्टेशन झालं आणि लाद्या वाघिणीत बसून थेट मुंबईपर्यंत जाऊ लागल्या. जिथून माल चढतो, त्याच गावाचं नाव मालाला मिळतं. मंगळुरी कौलांचंही तसंच झालं. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि 'मंगळुरी' हे कौलाचं नावच होऊन गेलं. वर मंगळुरी, खाली शहाबादी : आपल्याकडच्या कितीतरी घरांचं वर्णन या चार शब्दांत पुरं होतं.

या फरशीनं घरातलं एक मोठं काम हलकं केलं. मातीची जमीन दर थोड्या दिवसांनी शेणानं सारवावी लागे. पोपडे निघाले की पुन्हा माती, पुन्हा चोपणं. हे सारं बायकांच्या अंगावर असे. फरशी आली आणि 'जमीन सारवणे' जाऊन 'फरशी पुसणे' आलं. कंबर वाकवणं संपलं नाही, पण शेण कालवणं संपलं. घराच्या इतिहासात या एका क्रियापदाच्या बदलाला मोठं मोल आहे.

पुढे शब्दाचा अर्थ सैल झाला. शहाबादच्या आसपासच्या, तेलंगणातल्या तांदूरकडच्या, तशाच दिसणाऱ्या करड्या, निळसर, पिवळसर दगडालाही बाजारात सर्रास शहाबादी म्हणतात. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीतही हे नाव जाऊन बसलं. म्हणजे एका गावाचं नाव आता मालाची जात सांगतं. 'मोझॅक'चंही तसंच. संगमरवराचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून घासलेल्या ज्या लादीला आपण मोझॅक म्हणतो, ती खरं तर टेराझो. पण धंद्यात रूढ झालं तेच नाव.

नाव सैल असेल तर व्यवहार घट्ट हवा. अंदाजपत्रकात नुसतं 'शहाबादी' लिहिलेलं पुरेसं नाही. दगड कुठला, जाडी किती, रफ की पॉलिश, कडा हातानं काढलेल्या की मशीननं, हे लिहून घ्यावं. दर ब्रासचा असेल तर लक्षात ठेवावं, की फरशीचा ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट, आणि वाळू-खडीचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट. शिवाय हा चुनखडक आहे. लिंबू, चिंच किंवा न्हाणीघरात वापरतात ते ॲसिड पडलं, की पॉलिश गेलंच म्हणून समजा.

१९५६ पर्यंत शहाबाद आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. नंतर मधून राज्याची सीमा गेली. गुलबर्गा जिल्ह्याचं नावही २०१४ मध्ये कलबुर्गी झालं. नकाशा बदलला, फरशी मात्र जागची हलली नाही. आज घरोघरी गुळगुळीत, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. जुनी शहाबादी उखडून राडारोड्यात जाते आहे. ती टाकण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहा. खालच्या खडबडीत अंगावर छिन्नीचे घाव दिसतील. ते घालणाऱ्याचं नाव कुठल्याच दरसूचीत नाही. निदान त्याच्या गावाचं नाव तरी आपल्या तोंडी राहू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)