लांडग्याच्या नावाने कच्चे मांस

कुत्र्याला काय खाऊ घालावे याविषयी गेल्या काही वर्षांत शहरांतल्या शिकल्यासवरल्या घरांत एक मत पक्के होत चालले आहे. त्याचे खंडन करण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या समर्थकांना मान्य होईल अशा रीतीने मांडतो. कुत्रा हा लांडग्याचा वंशज. त्याचे सुळे, त्याची आखूड आतडी, त्याच्या जठरातले तीव्र आम्ल ही सारी मांसाहाराची लक्षणे. त्याच्या पूर्वजांनी कधी चूल पाहिली नाही. उलट पाकिटातला कोरडा दाणा ही अलीकडची कारखानदारी. त्यात मका, गहू, तांदूळ यांची भर घालतात, तो प्रचंड उष्णतेत शिजवून निर्जीव करतात, आणि कुत्र्यांची खाज, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचे विकार, कर्करोग हे सगळे त्यातूनच येते. म्हणून कच्चे मांस, कच्ची हाडे आणि थोडी कलेजी हाच कुत्र्याचा नैसर्गिक आहार. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये ‘गिव्ह युअर डॉग अ बोन’ या पुस्तकातून हा विचार लोकप्रिय केला. ‘बार्फ’ या नावाने तो जगभर पसरला, आणि पुण्या-मुंबईतही त्याचे अनुयायी आहेत.

या मतामागे कुत्र्यावरचे प्रेम आहे, आणि मोठ्या कंपन्यांवरचा अविश्वास आहे. प्रेमाबद्दल वाद नाही, अविश्वासालाही कारणे आहेत. ती पुढे सांगतो. पण मताचा पायाच चुकीचा आहे, आणि आपल्याकडच्या परिस्थितीत त्यावर चालणे धोक्याचे आहे.

आधी लांडग्याकडे जाऊ. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर लांडगा आजही आहे. तो काळविटाच्या, सशाच्या मागे जातो, संधी मिळाली तर मेंढी उचलतो. त्याच माळावर, त्याच वस्त्यांच्या आसपास मोकाट कुत्रीही फिरतात. अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी तिथली कुत्री आणि खोकड यांच्या आहाराचा तौलनिक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात कुत्र्यांचे पोट मुख्यतः माणसावर चालते असे दिसले: वस्तीवर मिळणारे अन्न, उकिरडा, शेतातला माल, मेलेली जनावरे. शिकारीवर जगण्याची मुभा असलेला, साखळी नसलेला, पाकीट कधी न पाहिलेला कुत्रा शेजारी लांडगा असताना लांडग्यासारखा जगत नाही. नैसर्गिक आहार शोधायचाच असेल तर तो इथे शोधावा लागेल, आणि तो माणसाच्या उष्ट्यात सापडतो. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी तर गावाच्या कचऱ्यावर जगता जगताच लांडग्याचा कुत्रा झाला असे प्रतिपादन केले आहे. त्यांच्या सिद्धांतावर मतभेद आहेत. पण कुत्रा हा प्राणी माणसाच्या अन्नाभोवती घडला, एवढे मान्य करायला तो सिद्धांत संपूर्ण स्वीकारण्याचीही गरज नाही.

ही घडण त्याच्या रक्तात उतरली आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या एरिक अ‍ॅक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये १२ लांडगे आणि १४ जातींचे ६० कुत्रे यांच्या जनुकसंचांची तुलना मांडली. स्वादुपिंडातून येणारे, पिष्ट पचवणारे अमायलेज ज्या जनुकामुळे तयार होते त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत आढळल्या. कुत्र्याच्या स्वादुपिंडात हे जनुक लांडग्याच्या २८ पट सक्रिय होते. पिष्ट पचवण्याच्या आणि शोषण्याच्या पुढच्या टप्प्यांवरही बदल दिसले. शेती करणाऱ्या माणसाच्या सोबतीने राहिलेल्या प्राण्याचे हे शरीर आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो: सगळे कुत्रे सारखे नाहीत. खरे आहे. डिंगोमध्ये या जनुकाच्या दोनच प्रती राहिल्या आहेत, सायबेरियन हस्कीत जेमतेम तीन-चार. ज्या लोकांकडे शेती नव्हती त्यांच्या कुत्र्यांत ही वाढ झाली नाही. पण हा आक्षेप मूळ सिद्धांताला बळ देतो: धान्य पिकवणाऱ्यांच्या कुत्र्यांत बदल झाला, इतरांच्यात झाला नाही. दख्खनच्या पठारावर मेंढपाळांमागे चालणारी कुत्री ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर वाढली आहेत. त्यांना लांडग्याचे ताट वाढायला निघालेला माणूस त्यांचा हजारो वर्षांचा इतिहास पुसतो. धान्याला भरताड म्हणणेही तसेच. दाणा तयार करताना वाफ आणि दाब यांमुळे पिष्ट फुगून शिजते, आणि ते कुत्र्याला जवळजवळ संपूर्ण पचते. शिजवल्याने अन्नातली पाचकद्रव्ये मरतात हा मुद्दा तर टिकतच नाही. कुत्रा स्वतःच्या स्वादुपिंडातली पाचकद्रव्ये वापरतो, आणि कच्च्या मांसातली बहुतेक त्याच्या जठरातल्या आम्लातच नष्ट होतात.

समजा, तरीही कुणाला लांडग्याचेच अनुकरण करायचे आहे. तर लांडगा जनावर जवळपास अख्खे खातो, कातडी-हाडांसकट. घरात मात्र येते ते बोनलेस चिकन. नुसत्या मांसात कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे प्रमाण साधारण एकास पंधरा ते वीस असते. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसच्या बरोबरीने लागते. नुसत्या मांसावर वाढणाऱ्या पिल्लाच्या शरीरात पॅराथायरॉइडचे संप्रेरक रक्तातले कॅल्शियम सांभाळण्यासाठी हाडांतून ते उपसू लागते. हाडे वाकतात, साध्या उडीने मोडतात. मोठ्या जातीचे चार महिन्यांचे पिल्लू असे लुळे पडते, तेव्हा दोष त्याच्या जातीवर जातो. आहाराकडे कुणी पाहत नाही. हाडे घाला म्हणाल, तर कच्ची हाडे आतड्यात अडकतात आणि चावण्याचे मोठे दात तासल्यासारखे चिरतात. दात स्वच्छ राहतात हा दावाही अपुरा आहे: रानात शिकार करून जगणाऱ्या आफ्रिकी रानकुत्र्यांच्या कवट्यांतही हिरड्यांचे रोग आणि तुटलेले दात आढळले आहेत. मानेचे मांस आणि अन्ननलिका खाऊ घातल्याने थायरॉइडचा अंश पोटात जाऊन कुत्र्याच्या रक्तात ते संप्रेरक वाढल्याच्या १२ कुत्र्यांच्या नोंदी जर्मनीतल्या पशुवैद्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केल्या.

आता जंतूंचा मुद्दा. ‘कुत्र्याचे आम्ल तीव्र असते, त्याला काही होत नाही’ हे उत्तर मी अनेकांकडून ऐकले आहे. त्यात अर्धे सत्य आहे: कुत्रा बऱ्याचदा आजारी पडत नाही. पण कॅनडातल्या एका प्रयोगात साल्मोनेला असलेले कच्चे खाणे दिलेल्या १६ कुत्र्यांपैकी ७ जणांच्या विष्ठेतून तो जंतू बाहेर पडत राहिला, आणि ती कुत्री ठणठणीत होती. नेदरलँड्समध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत आठ कंपन्यांच्या गोठवलेल्या कच्च्या मांसाच्या ३५ पाकिटांपैकी २८ मध्ये अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे ई. कोलाय जंतू सापडले, १९ मध्ये लिस्टेरिया, सातांत साल्मोनेला. गोठवल्याने साल्मोनेला मरत नाही. ही अवस्था थंड साखळी सांभाळणाऱ्या देशातली. आपल्याकडे खाटकाच्या ओट्यावर उन्हात उघडे पडलेले छाटण, वजडी, फुप्फुसे घरी येतात, आणि त्याच फरशीवर रांगणारे मूल असते.

त्याहून गंभीर धोका दिसतच नाही. मेंढी-बकरीच्या यकृतात, फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात, त्यांत हायडॅटिड या फीतकृमीची अपक्व रूपे असतात. असे अवयव कच्चे खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात काही मिलिमीटरचे कृमी तयार होतात. कुत्र्याला काहीच होत नाही, त्याची कातडी चकचकीत राहते, मालक समाधानी असतो. अंडी मात्र विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना लागतात, मातीत आणि भाजीवर जातात. ती माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर उघडी पडते. एकोणिसाव्या शतकात आइसलंड या रोगाने पोखरले होते. डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राब्बे यांनी १८६३ मध्ये तिथे जाऊन त्याचा अभ्यास केला, आणि पुढे कुत्र्यांना कृमिनाशक द्यायचे व गाठी असलेले अवयव नष्ट करायचे असे कायद्याने ठरले. रोग तिथून गेला. न्यूझीलंडनेही कुत्र्यांना कच्ची आतडी-फुप्फुसे देण्यावर बंदी आणि नियमित औषध या मार्गाने २००२ मध्ये तात्पुरती मुक्ती जाहीर केली. दोन देशांनी पिढ्यान् पिढ्या झगडून जे बंद केले ते ‘नैसर्गिक’ या शब्दाखाली आपण हौसेने सुरू करतो आहोत, याचा मला खरोखर राग येतो.

आता दाण्याच्या बाजूचे दोष, कारण ते लपवून खंडन पुरे होत नाही. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन विद्युत-कारागिराने कुत्र्यांसाठी बिस्किटे काढली, तेव्हापासून हा धंदा नफ्याचा आहे. २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लूटेनमध्ये प्रथिने जास्त भासावीत म्हणून मेलामाइन मिसळले गेले, आणि उत्तर अमेरिकेत कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली. २०२० च्या अखेरीस आणि २०२१ मध्ये बुरशीच्या विषाने, अफ्लाटॉक्सिनने, दूषित कोरड्या खाण्यामुळे अमेरिकेत शंभराहून अधिक कुत्री दगावली. २०१२ मध्ये कोरड्या दाण्यातल्या साल्मोनेलामुळे माणसेही आजारी पडली होती. दाणा म्हणजे शुद्धतेची हमी नव्हे. आपल्याकडे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या व्याख्येतच जनावरांचे खाद्य वगळलेले आहे, म्हणून पाकिटावरच्या शब्दांवर विसंबण्यापेक्षा कंपनी खाद्यतज्ज्ञ ठेवते का, प्रत्येक लॉटची तपासणी करते का, हे विचारणे ग्राहकाचे काम आहे.

पण एका घटनेकडे लक्ष वेधतो. लांडग्याच्या युक्तिवादाचा धसका कंपन्यांनीच घेतला, आणि ‘धान्यविरहित’ दाणा बाजारात आला. धान्याच्या जागी वाटाणा आणि मसूर घातले गेले. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अशा खाण्यावरच्या कुत्र्यांत हृदयाच्या स्नायूंचा विकार वाढल्याच्या नोंदींची चौकशी जाहीर केली. कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. तरी तांदूळ-मक्याला घाबरून लोक ज्याकडे धावले, त्यावरच प्रश्नचिन्ह लागले.

मग कुत्र्याला द्यायचे काय? माझे म्हणणे असे: अन्न शिजलेले, परिपूर्ण आणि मापात असावे. ते घरचे की पाकिटाचे, हा दुय्यम प्रश्न. घरी करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवावी. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इतर स्रोतांतल्या घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृती किमान एका आवश्यक घटकात कमी पडल्या. वरण-भात-चिकन कुत्रा आवडीने खातो, त्याला पचतेही. पण कॅल्शियम, जस्त, आयोडीन, ड जीवनसत्त्व हे वजन करून वेगळे घालावे लागतात. दूध-पोळीवर वाढलेले जुने कुत्रे जगले, कारण ते दिवसभर बाहेर हिंडून उरलेले मिळवत. फ्लॅटमधल्या कुत्र्याला ती सोय नाही.

आणि मापाबद्दल. दाण्याने आयुष्य घटते असे म्हणणाऱ्यांनी ४८ लॅब्राडॉरांचा प्रयोग पाहावा. एकाच विणीतल्या जोड्या करून त्यांना जवळजवळ जन्मभर एकच तयार खाणे दिले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी. भरपूर खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे निघाले, कमी खाणाऱ्यांचे १३. हा प्रयोग दाणा विकणाऱ्याच कंपनीने केला, हे मी मुद्दाम सांगतो. पण त्याचा निष्कर्ष कमी खाऊ घाला असा आहे, आणि त्यातून कुणाचा खप वाढत नाही. कमी खाणाऱ्यांना सांधेदुखीवर औषधे लागण्याची वेळही उशिरा आली.