मूल सांभाळण्याचे मोल

मराठीत 'आया' हा शब्द दोन वाटांनी येतो. एक वाट घरातली. आई एक असली तर आई, चार जमल्या की आया. दुसरी वाट समुद्रावरची. पोर्तुगीज लोक मूल सांभाळणाऱ्या बाईला ज्या शब्दाने हाक मारीत तो त्यांच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला, पुढे इंग्रजांनी तो उचलला आणि साहेबाच्या बंगल्यातून तो आपल्या इस्पितळांत व शाळांत येऊन बसला. दोन्ही शब्दांची अक्षरे तीच. फरक एवढाच की पहिलीचे मोल कोणी विचारीत नाही आणि दुसरीचे मोल ऐकले की पुष्कळांचे डोळे पांढरे होतात.

आमचे भातसानगर ही धरणाच्या कामासाठी वसलेली वसाहत. धरण १९८३ साली पुरे झाले, पाणी मुंबईला जाऊ लागले आणि पाण्यामागोमाग माणसेही जाऊ लागली. शहापूर परिसरातून आसनगाव स्टेशन गाठून पहाटेची गाडी धरणारी नवराबायको आता नवलाची राहिलेली नाहीत. अशा घरांत पाळणा हलला की बारशाच्या आधीच एक प्रश्न उभा राहतो: बाई ठेवणे परवडेल का? या प्रश्नाचा हिशेब मी अनेक घरांत ऐकला आहे आणि तो सर्वत्र एकाच रीतीने मांडतात. आईचा पगार लिहायचा, त्यातून बाईचा पगार वजा करायचा, आणि बाकी फारशी उरत नसेल तर आईने नोकरी सोडायची. बापाचा पगार या वजाबाकीत कधी येत नाही! मूल दोघांचे आणि खर्च मात्र एकटीच्या खाती, हे गणित कोणत्या पाठ्यपुस्तकातले आहे ते मला माझ्या मास्तरकीच्या इतक्या वर्षांत कळलेले नाही.

हा प्रश्न आजचा नव्हे. मूल सांभाळायला माणूस ठेवणे कोणाला परवडले, आणि ज्यांना परवडले त्यांच्यासाठी ते कोणाच्या जिवावर परवडले, याचा माग काढू लागलो तर तो फार लांब जातो.

आमच्या तालुक्यात माहुलीचा किल्ला आहे. १६३६ साली शहाजीराजांनी याच किल्ल्याच्या आश्रयाने मोगलांशी आणि विजापूरकरांशी अखेरची झुंज दिली. तेव्हा शिवाजीराजे सहा वर्षांचे होते. त्यांना पुढे पुत्र झाला तो १४ मे १६५७ रोजी, पुरंदर किल्ल्यावर. सईबाईसाहेबांची प्रकृती ढासळलेली, अंगावर दूध नाही. मग कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातून धाराऊला गडावर बोलावणे गेले. संभाजीराजे तिच्या दुधावर वाढले. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी गेल्या. राजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. धाराऊला सालीना २६ होनांची तैनात बांधून दिली होती असे सांगतात, आणि तिचे मुलगे अंताजी व रायाजी हे संभाजीराजांचे दूधभाऊ म्हणून त्यांच्या चाकरीत राहिले.

होन म्हणजे सोन्याचे नाणे. तेव्हा धाराऊला जे मिळाले ते थोडे नव्हे, आणि ते मानाने मिळाले. आज साडेतीनशे वर्षांनंतरही तिचे नाव आपण घेतो, हा मान पुष्कळ सरदारांच्याही वाट्याला आलेला नाही. परंतु इतिहास वाचताना माझ्या मनात एक क्षुद्र म्हणावी अशी शंका येऊन जाते. दूध असलेली बाई म्हणजे जिच्या घरी तान्हे आहे ती. ती गडावर चढली तेव्हा तिच्या तान्ह्याला कोणी घेतले? कोण्या सासूने, कोण्या थोरल्या लेकीने घेतलेच असेल. ती कोण, तिला काय मिळाले, हे इतिहास सांगत नाही. आणि पुढच्या सगळ्या कथेची मेख इथेच आहे, म्हणून ही शंका वाचकांनी ध्यानात ठेवावी.

राजाला सव्वीस होन परवडतात. पण पेशवाईतल्या सुखवस्तू घरांत मुले कोण सांभाळी? तिथला हिशेब अधिक सोपा होता. कुणबीण विकत घेतली की पगाराचा प्रश्नच मिटला. त्या काळच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी आहेत. कुणी दुष्काळात विकली गेलेली, कुणी मुलुखगिरीत धरून आणलेली, कुणी 'बदकर्म केले' म्हणून सरकारात जमा झालेली. दळण, शेणगोठा, धुणे, आणि धन्याची पोरे खांद्यावर वागवणे. खाऊन-पिऊन जन्मभर काम. तिला झालेले मूलही बहुधा त्याच घराच्या कामाला लागे. इंग्रज सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने अशा मालकीला कायद्याचा आधार नाकारला. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या आठवणी निघाल्या की घरात किती माणसांचा राबता होता, मुले कशी कळत-नकळत वाढत, याचे मोठे रसाळ वर्णन होते. पण त्या राबत्यातल्या सगळ्याच बायका काही आत्या आणि मावश्या नव्हत्या.

साहेबाची आया मात्र पगारी होती. मुंबई बंदरातून विलायतेला निघालेल्या मडमा बोटीवरच्या प्रवासापुरती एखादी आया बरोबर घेत. मुलांची ओकारी, आजारपण, रात्रीचे रडे सारे ती निस्तरी. बोट तिकडे लागली की काम संपले. काही कुटुंबे कराराप्रमाणे परतीचे तिकीट देत. काही तिला लंडनच्या रस्त्यावर सोडून देत. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचे आश्रयगृह निघाले. १९०० पासून ते हॅकनी भागात किंग एडवर्ड रस्त्यावर होते. तिथे बायका राहत आणि हिंदुस्थानकडे निघालेले एखादे कुटुंब मिळेपर्यंत वाट पाहत. २०२२ साली त्या इमारतीवर स्मृतीचा निळा फलक लागला. तो पाहायला त्यांतली कोणीच उरलेली नव्हती, हे सांगायला नकोच.

राजा झाला, वाडा झाला, साहेब झाला. आता ज्यांना यांतले काहीच परवडत नव्हते त्यांच्याकडे वळू.

मुंबईच्या गिरण्यांत कोकण-घाटावरच्या बायका रीळखात्यात उभ्या राहू लागल्या तेव्हा त्यांची तान्ही पोरे चाळीतल्या खोलीत राहत. गावी सासू होती, नणंद होती. इथे दहा बाय दहाची खोली आणि भोंगा. बाई ठेवायची तर तिचा पगार गिरणीच्या पगारातून परवडणारा नव्हता. म्हणून स्वस्तातला उपाय निघाला. तो म्हणजे अफू. राईएवढी गोळी आईने सकाळी चाटवायची की पोर पाळी सुटेपर्यंत निपचित. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी १९२२ च्या सुमारास गिरणकामगार बायकांची पाहणी केली. त्यांत शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव बायकांच्या मुलांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदवले. अठ्ठ्याण्णव! ज्या दोघी उरल्या त्यांच्या घरी बहुधा एखादी म्हातारी असावी.

या आयांना निष्ठुर म्हणणारे तेव्हाही होते. पण गोळीचे मोल पैसा-दोन पैसे आणि माणसाचे मोल न परवडणारे, असा बाजार ज्यांच्यापुढे मांडला होता त्यांनी दुसरे काय उचलायचे? तो बाजार त्यांनी मांडलेला नव्हता.

मग तो कोणी मांडला, आणि खर्च कोणी सोसायचा? हा प्रश्न चारचौघांत नीट विचारला गेला तो १९२८ साली, मुंबईच्या कायदेमंडळात. बाळंत होणाऱ्या कामकरी बायकांना काही दिवसांची भरपगारी नव्हे, पण निदान पोटापुरती रजा मिळावी, असे बिल आले होते. गिरणीमालकांच्या बाजूने आक्षेप असा की हा भार आमच्यावर का? त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बिलाच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: लोकांचे कल्याण राखणे हे मुख्यतः सरकारचे काम, तेव्हा या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा हे खरे. पण मालक बायकांना कामावर घेतो तो त्यांत फायदा दिसतो म्हणूनच घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकून मोकळे होता येणार नाही. १९२९ साली कायदा झाला. लहानसाच होता. पण वर सांगितलेल्या वजाबाकीत आईखेरीज दुसऱ्या कोणाचे नाव कायद्याने घातले गेले ते या वेळी. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बायका असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. १९७६ साली ती संख्या तीसवर आली. संख्या लिहिली की तिच्या अलीकडे एकावर थांबणारे मालक निघतातच, पण तो मनुष्यस्वभाव झाला.

कायदे कारखान्यांना लागू होते. आमच्या ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर ना कारखाना ना पाळणाघर. इथे ठाकर, कातकरी, वारली, कुणबी घरांतली आई भाताच्या लावणीला, गवताला, लाकडाला जाणार, आणि मूल? त्याची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. सात-आठ वर्षांची थोरली बहीण. माझ्या वर्गात हजेरी घेताना काही नावांपुढे सुगीत आणि लावणीत ओळीने शून्ये पडतात, आणि ती नावे बहुतेक मुलींची असतात. अशाच एकीला वाटेत गाठून मी विचारले, तर कडेवरचे पोर सावरीत ती म्हणाली, "गुर्जी, मी शाळंत आलू तर बारक्याला कोन बघंल?" मला उत्तर देता आले नाही. बिनपगारी आयांची एवढी मोठी फौज आमच्या डोंगरांत आहे आणि तिची उंची कडेवरच्या पोराहून हातभरच जास्त.

उत्तर ज्यांना देता आले त्या दोघी याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात राहून गेल्या. ताराबाई मोडक आणि त्यांच्या शिष्या अनुताई वाघ. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. शाळेत मुले का येत नाहीत याचा त्यांनी पाड्यापाड्यांत फिरून तपास केला. मुलगे गुरांमागे, मुली भावंडांमागे. उपदेश करून हे सुटणारे नव्हते. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटले. थोरलीने धाकट्याला घेऊनच यावे. तान्हे पाळण्यात, चारपाच वर्षांचे बालवाडीत, आणि ती स्वतः पाटीवर. मुले येत ना तिथे बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. शिक्षणशास्त्रावरची जाड पुस्तके मी वाचली आहेत, पण थोरल्या बहिणीला मोकळे केल्याशिवाय तिची शाळा सुरू होत नाही, ही एक गोष्ट इतकी साधी करून मला कोणी सांगितली नव्हती.

अंगणवाडी हा शब्द पुढे देशभर गेला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना तेहतीस ठिकाणी सुरू झाली आणि आज पाड्यापाड्यांवर अंगणवाडी दिसते. पण शब्द गेला तेवढा पाळणा गेला नाही. अंगणवाडीत बसायचे ते तीन वर्षांवरच्यांनी, तेही काही तास. तिच्या आतल्या मुलाला पोषणाचे पाकीट घरी मिळते, मांडी मिळत नाही. आणि जी बाई गावची सगळी पोरे सांभाळते तिला सरकार पगार देत नाही, 'मानधन' देते. ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने ठरवलेला आकडा सेविकेला महिना ४५०० रुपये आणि मदतनिसाला २२५० रुपये. राज्याने त्यात आपली भर घातली, बायकांनी मोर्चे काढकाढून ती वाढवून घेतली. तरी शब्द मानधनच राहिला. मानाचे धन म्हटले की कमी दिले तरी चालते, ही सोय धाराऊच्या काळी नव्हती.

भातसानगरच्या ज्या घरांचा हिशेब वर सांगितला, तिथे ठेवलेली बाई येते कुठून? जवळच्याच एखाद्या पाड्यावरून. ती सकाळी सातला निघते. तिच्या मागे तिचे मूल, आणि मुलामागे तिची थोरली. नोकरदार आईला बाई 'परवडते' ती त्या थोरलीच्या शाळेवर. मी हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. नोकरदार आईने घरी बसावे असे तर मुळीच नाही. तिने घरी बसून त्या पाड्यावरच्या बाईचे चार पैसेही बुडतील. पण बाईचा पगार ठरवताना, तिचे मूल कोण बघते एवढे एक वाक्य जरी विचारले, तरी आकडा निराळा निघेल असे मला वाटते.

सरकारी कागदात ते वाक्य एकदा उतरले होते. धरणे, रस्ते, बंधारे यांच्या कामावर झोळीत टांगलेली पोरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अशाच एका कामावरची मुले पाहून १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि पुढे ती मुंबईतही आली. मग २००५ चा रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात एक कलम असे होते की कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आयांबरोबर आली, तर त्यांच्यातल्याच एका बाईला मुले सांभाळायला नेमावे, आणि मातीकाम करणाऱ्या बाईला जी मजुरी तीच तिलाही द्यावी. झाडाच्या सावलीत सहा पोरे घेऊन बसलेली बाई आणि उन्हात पाटी वाहणारी बाई, दोघींची नावे एकाच हजेरीपटावर, आणि नावांपुढची रक्कम तीच.