जात्यावरचा जयभीम

आमच्या आजीचं मंठा आता जालना जिल्ह्यात आहे. तिच्या गोष्टींत मात्र ते कायम परभणीतलंच राहिलं, कारण १९८१ साली जालना जिल्हा होईतो हा मुलूख परभणीच्या परतूर तालुक्यात होता. तिला सन-तारखा ठाऊक नव्हत्या. ‘रझाकारात’, ‘बाहत्तरच्या दुष्काळात’, ‘नामांतरात’ असा तिचा काळ.

अंगठा उठवणारी आजी जात्यावर बसली की पहिली ओवी बाबासाहेबांना वाहायची. ‘तू पाहिलंस का त्यांना?’ असं विचारलं की म्हणायची, ‘पाहायचं कशाला, माय? गाण्यात व्हते की!’

ते गाणं गायनपार्टीबरोबर यायचं. भीमजयंतीला पेटी, ढोलकी, खंजिरी घेऊन मंडळी वस्तीत उतरायची आणि पहाटेपर्यंत वामनदादा कर्डकांची गाणी चालायची. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा स्वतः मुंबईत आल्यावर, मोठेपणी अक्षरं शिकले. त्यांच्या सिनेमाच्या चालींना शिष्ट मंडळी नाकं मुरडतात. मुरडोत. चाल ओळखीची असली की शब्द एका रात्रीत तोंडी बसतात, आणि आजीसारखीला पुस्तकाचा काय उपयोग होता?

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड-परभणीत सर्वांत जास्त. नांदेडकडे पोचिराम कांबळे मारले गेले. या दिवसांबद्दल आजी फार बोलत नसे. तिच्या माहेरी बायकांनी लेकरं पोटाशी धरून एक रात्र ओढ्याकाठी काढली, एवढंच सांगायची. वर म्हणायची, ‘त्या राती कुनी गायलं नाही.’ पुढे गायनपार्टीच्या वह्यांत पोचिरामांचं नाव आलं, नंतर याच लढ्यात जीव दिलेल्या गौतम वाघमारेंचं. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, तोवर सोळा वर्षं गेली होती.

आमच्या पाहुण्यांतली पोरं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकली. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ने त्या पिढीला लिहितं केलं. दलित साहित्याचा इतिहास लिहिणारे तिथून सुरुवात करतात. जातं त्यांना दिसत नाही. दिसलं ते गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांना. त्यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखभर ओव्या गोळा केल्या. गोदावरीपलीकडच्या माजलगावात, भीमनगरच्या बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. त्या आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात.

आमच्या आजीची एकही ओवी कुणी टिपली नाही, आम्हीसुद्धा नाही. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि तिचं गाणं तिच्याबरोबर संपलं.

तुमच्या घरात जात्यावर गायलेली म्हातारी असेल तर आजच तिच्यापुढे फोन धरा. आधी तिचं नाव आणि गाव तिच्याच तोंडून घ्या, मग ओवी.